ज्या पापाला एक धनी नाहीं

पाप म्हटलें कीं तें करणारा एक हात आपल्या डोळ्यांपुढें येतो. आखानानें लूट आपल्या डेऱ्यांत पुरली, गेहजीनें खोटें सांगून नामानाकडून वस्त्रें घेतलीं, नाबोथाच्या मळ्यासाठीं खोटे साक्षीदार उभे करण्यांत आले. ह्या सर्व गोष्टींत कोणीं केलें आणि कोणाचें गेलें हें अगदीं उघड आहे. असें पाप समजावून सांगणें उपदेशकालाहि सोपें जातें. परंतु ज्यांत कोणा एकाकडे बोट दाखवितां येत नाहीं, ज्यांत दुष्ट हेतु बहुतेक कोणाचाच नव्हता, आणि तरीहि ज्याचा परिणाम तान्ह्या मुलाच्या ओठांवर दिसूं शकतो, त्या गोष्टीला काय म्हणावें? पाप म्हणावें, कीं केवळ दुर्दैव म्हणावें? प्रवराकांठच्या विहिरींनीं हा प्रश्न आमच्यापुढें आणून ठेविला आहे, आणि त्याचा विचार आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनीं केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

देवळाली प्रवरा हें राहुरी तालुक्यांतील गांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ओळखीचें आहे. ज्या जिल्ह्याला आपले वाडवडील अहमदनगर म्हणत व आज अहिल्यानगर म्हणतात, त्याचा हा भाग एके काळीं कोरडा होता. १८७६ ते १८७८ चा आणि पुढें १८९९–१९०० चा दुष्काळ ह्या मुलुखानें सोसला. आमच्या कित्येक मंडळ्यांच्या आठवणी त्या दुष्काळांपासूनच सुरू होतात. मग भंडारदऱ्याचें धरण झालें. तें १९२६ सालीं पुरें झालें, आणि त्याचें पाणी प्रवरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांनीं खालच्या काळ्या रानांत आलें. ऊंस आला, उंसामागून कारखाने आले. १९५० सालीं लोणीजवळ प्रवरानगरास शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना गाळप करूं लागला, आणि त्याच्या मागोमाग शेजारच्या तालुक्यांतहि कारखाने उभे राहिले. हा देवाचा आशीर्वादच होता, हें आम्ही आरंभींच मोकळेपणानें सांगतों. ज्यांच्या आज्यानें खडी फोडून दुष्काळ काढला, त्यांचीं नातवंडें आज शाळा-कॉलेजांत आहेत. पाण्याविरुद्ध किंवा उंसाविरुद्ध आम्ही लिहीत आहों असें कोणीं समजूं नये.

परंतु जें पाणी वरून कालव्यानें येतें, तें खालीं विहिरींत उतरतांना आपल्याबरोबर काय घेऊन उतरतें, हें पाहिलें पाहिजे. आडसाली उसाला हेक्टरीं ४०० किलो नत्र द्यावें अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. युरियांत शेकडा ४६ भाग नत्र असतें. हें सारें नत्र युरियानेंच द्यावयाचें म्हटलें तर एकरीं सुमारें साडेतीनशें किलो, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ आठ गोण्या होतात. ही झाली शिफारस. रान काळेंभोर दिसावें म्हणून, शेजाऱ्याचा ऊंस उंच दिसतो म्हणून, वर आणखी एक-दोन गोण्या टाकणारे आपल्यांत किती आहेत, तें ज्याचें त्याला ठाऊक. टाकलेल्या नत्रापैकीं पिकाच्या पदरांत बहुधा निम्म्याहून कमीच पडतें. राहिलेल्यापैकीं कांहीं हवेंत जातें, आणि कांहींचें नायट्रेट होऊन तें पाण्याबरोबर मातींतून खालीं जातें. भरपूर पाट भरून पाणी दिलें कीं तें अधिकच लवकर जातें. काळ्या मातीखालीं मुरूम, मुरमाखालीं फुटका काळा पाषाण. त्याच्या भेगांतून उतरलेलें पाणीच आपल्या विहिरींत व बोअरांत येतें. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाहीं. मीठ पाण्यांत विरघळावें तसें तें विरघळतें, आणि पाणी जाईल तेथें जातें.

सगळा दोष खताचाच आहे असें मात्र नव्हे. गोठ्याचा उकिरडा विहिरीच्या अंगास असला, संडासाचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून दहा पावलांवर खणला, तरीहि तेंच नायट्रेट विहिरींत उतरतें. आणि कारखान्यांच्या मुलुखांत मळीच्या पाण्याची गोष्ट निराळीच आहे. शेजारच्या नेवासें तालुक्यांत सोनई येथें साखर कारखान्याचें सांडपाणी ओढ्यांत सोडल्यानें आसपासच्या विहिरींचें पाणी कसें बिघडलें, ह्याचा अभ्यास शास्त्रज्ञांनीं करून तो १९९८ सालीं छापला. मळीचें पाणी निदान दिसतें. त्याचा तांबडा-काळा रंग आणि वास ह्यांमुळें लोक ओरड तरी करतात. नायट्रेटाला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. आमच्या मतें भय आहे तें ह्यांतच.

हें कोणा एका गांवाचें गाऱ्हाणें नव्हे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें सबंध देशांत तपासलेल्या नमुन्यांपैकीं शेकडा सुमारें वीस नमुन्यांत, आणि एकट्या महाराष्ट्रांत शेकडा पस्तिसांहून अधिक नमुन्यांत, नायट्रेट मर्यादेपलीकडे होतें. ती मर्यादा आपल्या देशांत एका लिटरास ४५ मिलिग्रॅम अशी ठरविलेली आहे.

आतां त्यापासून होतें काय तें पाहूं. १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत कॉम्ली नांवाच्या डॉक्टरानें दोन तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलें शेतकरी घरचीं. त्यांचें अंग निळें पडूं लागलें होतें. हृदयाचा दोष सांपडेना. शेवटीं कळलें कीं त्यांचें दूध ज्या विहिरीच्या पाण्यांत कालविलें जात होतें, तिच्यांत नायट्रेट फार होतें. सहा महिन्यांच्या आंतील मुलाच्या पोटांत ह्या नायट्रेटाचें नायट्राइट होतें, तें रक्तांत शिरतें, आणि रक्ताचा जो भाग प्राणवायु वाहून नेतो त्याला निकामी करतें. मूल श्वास घेतें, पण त्या श्वासाचा उपयोग होत नाहीं. ओठ, नखें, मग सारें अंग निळसर दिसूं लागतें. वेळीं ओळखलें तर उपाय आहे. न ओळखलें तर मूल दगावतें. आईच्या अंगावर पिणाऱ्या मुलाला हा धोका फार थोडा. पाण्यांत कालविलेल्या डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाला अधिक. मोठ्या माणसांच्या कांहीं रोगांशीं, विशेषतः आंतड्याच्या कर्करोगाशीं, ह्याचा संबंध आहे काय ह्याविषयींहि संशोधन चाललें आहे. तें अजून एकमुखानें बोलत नाहीं, म्हणून आम्हीहि त्यापुढें जात नाहीं.

येथें आमच्या उपदेशक बंधूंनीं व बायबल-बायांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पिढ्यान्‌पिढ्या आपण गांवोगांव शिकवीत आलों कीं पाणी उकळून प्या. पटकी व जुलाब ह्यांसाठीं तें शिकविणें योग्यच होतें व आजहि आहे. परंतु नायट्रेट उकळण्यानें जात नाहीं. उलट, पाण्याची वाफ होऊन तें भांड्यांत आटतें, आणि मागें राहिलेल्या पाण्यांत नायट्रेटाचें प्रमाण वाढतें. तुरटी फिरवून तें खालीं बसत नाहीं. टी. सी. एल. पावडर जंतु मारते, नायट्रेटाला हात लावीत नाहीं. जी आई आपल्या बाळासाठीं पाणी वीस मिनिटें खळखळून उकळते, ती आपलें कर्तव्य मन लावून करीत असते, आणि पाणी तशा विहिरीचें असेल तर तिच्या हातून उलटेंच घडत असतें. प्रेम आहे, श्रम आहे, आणि ज्ञान मात्र पोहोंचलेलें नाहीं. तें पोहोंचविणें हें कोणाचें काम?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. शेतकरी म्हणतो, “माझ्या एका एकराच्या गोणीनें कोणाची विहीर नासली?” आणि त्याचें म्हणणें खोटें नाहीं. त्याची एकट्याची गोणी वेगळी काढली, तर विहिरींत फरक दिसणार नाहीं. पण हेंच उत्तर त्याच्या शेजाऱ्याचें, आणि त्याच्याहि शेजाऱ्याचें. प्रत्येकाचें उत्तर खरें, आणि सर्वांची मिळून विहीर नासलेली. आम्हांस वाटतें कीं येथें आपला नेहमींचा हिशेब अपुरा पडतो. ज्याच्यावांचून हानि झाली नसती तोच दोषी, एवढेंच मोजमाप धरलें तर ह्या पापाला कोणीच धनी उरत नाहीं. आणि ज्या गोष्टीला धनी नाहीं ती कोणीच दुरुस्त करीत नाहीं.

पवित्र शास्त्राचें मोजमाप निराळें आहे. लेवीयाच्या चवथ्या अध्यायांत, सगळ्या मंडळीनें नकळत चूक केली आणि ती गोष्ट लोकांच्या नजरेआड राहिली तर काय करावें, ह्याचा नियम दिला आहे. नकळत घडलें म्हणून सोडून द्या, असें तेथें म्हटलेलें नाहीं. आणि जाणूनबुजून करणाऱ्याच्या पंक्तीलाहि त्यांना बसविलेलें नाहीं. दोष कळून आला म्हणजे मंडळीनें मिळून तो आपला म्हणावा व त्याचें प्रायश्चित्त करावें, असा तो नियम आहे. कळून येण्याची ती घटका आम्हांस फार महत्त्वाची वाटते. तिच्या आधीं जें अज्ञान होतें, तेंच तिच्यानंतर निवड ठरतें. तीच गोणी, तेंच रान, तोच मनुष्य. पण विहिरीच्या तपासणीचा कागद हातीं आल्यावर ती गोणी पूर्वींची राहत नाहीं.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायांतील नियम तर आम्हांस ह्या प्रसंगासाठींच लिहिला आहे असें भासतें. रानांत मारलेल्या मनुष्याचें प्रेत सांपडलें, आणि मारणारा कोण तें कळत नाहीं. अशा वेळीं सर्वांनीं खांदे उडवून घरीं जावयाचें नाहीं. वडीलजनांनीं बाहेर पडून आसपासच्या गांवांपर्यंतचें अंतर मोजावयाचें. जें गांव सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनीं वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यांत जाऊन तेथें त्या रक्ताचा जाब द्यावयाचा. ह्यांत खुनी सांपडला असें नव्हे. जवळ असणें हीच एक जबाबदारी आहे, एवढेंच ह्या नियमानें ठरविलें. आणि प्रथम अंतर मोजावयास सांगितलें, हेंहि विसरूं नये.

तरी सर्वांचा दोष सारखा, असें म्हणून मोकळें होणेंहि आम्हांस मान्य नाहीं. ‘आपण सगळेच पापी’ हें वाक्य खरें असूनहि पुष्कळदां बलवानाच्या पथ्यावर पडतें. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायांत देव सरसकट सगळ्या कळपाला रागें भरत नाहीं. स्वतः स्वच्छ पाणी पिऊन उरलेलें पायांनीं गढूळ करणाऱ्या धष्टपुष्ट मेंढरांना तो जाब विचारतो, कारण मागून येणाऱ्या दुबळ्यांना तेंच गढूळ पाणी प्यावें लागतें. वीस एकर उंसाचा मालक आणि त्याच्या रानांत रोजंदारीवर खत फेंकणारा मजूर, ह्या दोघांच्याहि हातांनीं युरिया पडला. पण किती टाकावा हें एकानें ठरविलें, दुसऱ्यानें नव्हे. आमच्या मंडळ्यांत दुसऱ्या वर्गाचे लोक फार आहेत. कारखान्यानें सांडपाणी कोठें सोडावें हें ज्यांच्या सहीनें ठरतें, आणि पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा अमलांत आणण्याचा ज्यांना पगार मिळतो, त्यांचा वांटा ह्याहूनहि मोठा. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत खड्डा उघडा ठेवणाऱ्यानें त्यांत पडलेल्या बैलाची भरपाई करावी असें सांगितलें आहे. त्याचा हेतु बैल मारण्याचा होता काय, असें तेथें कोणी विचारीत नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागते. ह्या जिल्ह्यांत १८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशनचें काम सुरू झालें, आणि पुढें जे लोक प्रभूकडे आले ते बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यांतून आले. गांवच्या विहिरीवर त्यांना घागर भरूं देत नसत; कोणी वरून ओतील तेव्हां ओंजळ धरावयाची. १९२३ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव केला, तरी गांवें बदललीं नाहींत; म्हणून २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना महाडास चवदार तळ्यावर जावें लागलें. एवढ्या झगड्यानें मिळालेलें सार्वजनिक पाणी, तें आपल्या हातीं आलें तेव्हां आंतून बिघडूं लागलें आहे. ज्याच्यापाशीं पैसा आहे तो वीस लिटरचा जार घरीं मागवितो, किंवा भिंतीला यंत्र लावितो; ज्याच्यापाशीं नाहीं तो हापशावर जातो. एके काळीं जातीनें विहिरी वेगळ्या केल्या, आतां पैसा करीत आहे. ज्याचें घर शुद्ध झालें, त्याला गांवच्या विहिरीची काळजी उरत नाहीं, आणि ज्यांना काळजी आहे त्यांचें सभेंत कोणी ऐकत नाहीं. पाण्याचें यंत्र घेणें चुकीचें असें आम्ही म्हणत नाहीं. घरांत तान्हें मूल असेल आणि ऐपत असेल तर अवश्य घ्यावें. परंतु अलीशा यरीहोस गेला तेव्हां तेथील वाईट पाण्यासाठीं त्यानें घरोघरच्या घागरींत मीठ टाकलें नाहीं. तो पाण्याच्या उगमापाशीं गेला.

येथवर वाचून कोणी तरुण उपदेशक येत्या रविवारींच कारखान्यावर वा गांवांतील बड्या बागाइतदारावर तोफ डागावयास निघेल, तर त्याला आम्ही थांबवूं. खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा दुबळ्याच्या कैवाऱ्यालाहि लागू आहे. २०२५ च्या जानेवारींत बुलढाणा जिल्ह्यांत शेगांवकडील कांहीं खेड्यांत लोकांचे केस एकाएकीं गळून टक्कल पडूं लागलें. पाणी तपासलें, त्यांत नायट्रेट फार निघालें, आणि सर्वांनीं पाण्यालाच दोषी धरलें. पुढें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तेथील लोकांचें रक्त, केस व खाण्यांतला गहूं तपासून गव्हांतील अति सेलेनियमकडे बोट दाखविलें. पाण्यांत दोष होता तो होताच. पण ह्या रोगाचें कारण दुसरीकडेच असल्याचें दिसलें. रागाच्या भरांत मनुष्य पहिल्या दिसणाऱ्या गुन्हेगाराला धरतो. म्हणून आधीं तपासणी, मग बोलणें.

आणि तपासणी झाल्यावर मात्र बोलणें. हें दुसरें पहिल्याहून कठीण आहे, हें आम्ही जाणतों. ज्याच्या रानांत मंडळीचे अर्धे लोक कामाला जातात त्याच्याच विहिरीचा आंकडा वाचून दाखवावयाचा. ज्या पंचमंडळींत बागाइतदार आहे तेथें खताची गोष्ट काढावयाची. उद्यां मजुरी बंद झाली तर चूल कशी पेटेल, हा प्रश्न खोटा नव्हे. म्हणूनच हें ओझें एकट्या उपदेशकाच्या किंवा एकट्या मजुराच्या खांद्यावर टाकूं नये. आकडा मंडळीनें मिळून मागावा, मंडळीच्या नांवानें मागावा, आणि गांवांतील इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन मागावा. विहीर सर्वांची आहे. नायट्रेटानें आजवर कोणाला धर्म विचारलेला नाहीं. बागाइतदार बंधूशीं बोलतांनाहि तो शत्रु आहे अशा भाषेनें बोलूं नये. त्याच्या डोक्यावर सोसायटीचें कर्ज आहे, उसाचा भाव त्याच्या हातीं नाहीं. माती परीक्षण करून, आठ गोण्या एकदम न टाकतां थोड्या थोड्या वांटून, पाट भरण्याऐवजीं ठिबकानें पाणी दिलें, तर त्याच्या खताचेहि पैसे वांचतात. हें गणित त्याच्यापुढें मांडलें तर तो ऐकेल असा आमचा अनुभव आहे.

तपासणीसाठीं फार दूर जावें लागत नाहीं. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या योजनेंत प्रत्येक खेड्यांतील पांच स्त्रियांना पाणी तपासण्याची पेटी वापरावयास शिकवावयाचें ठरलें आहे. त्या पेटींत नायट्रेटाची परीक्षा असते. आपल्या गांवांत त्या पांचजणी कोण, हें ग्रामपंचायतींत विचारावें. नेमल्या नसतील तर नेमावयास लावावें, आणि मंडळीच्या महिलामंडळांतून नांवें द्यावींत. पेटीच्या परीक्षेंत दोष दिसला कीं पाणी सरकारी प्रयोगशाळेंत पाठवावें. बाटली स्वच्छ असावी, त्याच पाण्यानें दोनदां विसळावी, बोअरचें पाणी असेल तर थोडा वेळ उपसूं देऊन मग भरावी, आणि तिच्यावर विहिरीचें नांव व तारीख लिहावी. उन्हाळ्यांत एकदां आणि पावसाळा सरल्यावर एकदां, असें दोन वेळां करावें, कारण पाऊस उतरल्यावर आंकडा बदलतो. जेथें आंकडा ४५ च्या वर निघेल त्या विहिरीचें पाणी तान्ह्या मुलाच्या दुधांत घालूं नये, उकळूनहि घालूं नये. धुण्याला, अंघोळीला, गुरांच्या गोठ्याला तें चालेल. आणि जो आंकडा येईल तो, बरा असो वा वाईट, उपदेशकानें रविवारीं मंडळीच्या इतर सूचनांबरोबर विहिरीच्या नांवानिशीं वाचून दाखवावा.